नऊ रुपयांची विळी

मृत्युपत्र लिहून ठेवणार : आवडाबाई भ्रतार कै. सदा धाया कोळी, वय अदमासे पासष्ट, धंदा मासळी कापून खारवण्याचा व विकण्याचा, राहणार मोरा कोळीवाडा, पेटे उरण, जिल्हे कुलाबा.

मला लिहिता येत नाही. मी सांगते आहे आणि बाळाजी मास्तर कर्णिक लिहून घेत आहेत. माझे पाय सुजले आहेत, चार पावले चालले की छाती भरते, पण डोके शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने शिळा बांगडा ताजा म्हणून माझ्या गळ्यात मारून बघावा. हे करण्यासाठी मला कोणी भीड घातलेली नाही, धाक दाखवलेला नाही, आणि मी शुद्धीवर आहे. मास्तर म्हणाले, "आवडाबाई, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, मनातले नाही." मी म्हटले, "मंग मालमत्ता आदी लिवा, ती जराशीच हाय." म्हणून ती आधी.

कलम १. माझे राहते कौलारू घर, पुढच्या अंगणासह आणि बोंबील वाळत घालायच्या काठ्यांसह, माझा मुलगा तुकाराम याला द्यावे. मचव्यातला आमचा निम्मा हिस्साही त्यालाच. अट एकच, मचव्याला माझे नाव देऊ नये. ज्यांची नावे होड्यांवर रंगवली त्या बाया मी ओळखते. त्यांतल्या एकीलाही जिवंतपणी कोणी होडीत बसवून फिरवले नाही.

कलम २. माझी मुलगी तुळशी, जी कारंज्याला दिली आहे, तिला माझ्या कानातली सोन्याची फुले आणि लुगड्यांची पेटी द्यावी. तिला आणखी एक वस्तू हवी आहे, हे मला माहीत आहे. दर माहेरपणाला ती त्या वस्तूचा विषय काढते. ती तिला मिळणार नाही. तुळशी, पुढचे वाचून होईपर्यंत रुसू नकोस, मग रुसलीस तरी चालेल.

कलम ३. माझी जाऊ नीराबाई हिच्याकडे माझे तांब्याचे तपेले आहे. मुलीच्या लग्नाला म्हणून नेले, ती मुलगी आता आजी झाली. ते नीराबाईकडेच राहू द्यावे. मात्र ते मी दिले असे समजावे, तिने ढापले असे समजू नये. मी मेल्यावर तरी तिला चोर म्हणायचे नाही, असे मी ठरवले आहे. जिवंत आहे तोवरचे सांगत नाही.

कलम ४. आता विळी.

सगळ्या कोळीवाड्याला माझी विळी ठाऊक आहे. ती मी जासईच्या कोंडाजी लोहाराकडून करून घेतली, तेव्हा उरणच्या बाजारात बारा आण्यांना विळी मिळत होती. कोंडाजीने नऊ रुपये सांगितले. मी आयुष्यात कोणाला पहिल्या बोलाचे पैसे दिले नाहीत, त्यालाही तीन रुपये म्हटले. तो भात्यावरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "घासाघीस करायची तर बाजार तिकडं हाय. शेतकऱ्याचं काम मी वर्साच्या भातावर करतो, तुमच्याकडं भात न्हाय. आन् ही कानस बघ, विलायती. हिचं पातं करायला माजा पंधरवडा जातो."

मी म्हटले, "नऊ रुपयांत अर्धा तोला सोना येतय."

तो म्हणाला, "मग सोन्यानं मुशी काप."

मला राग आला आणि मी उठून गेले. आठ दिवसांनी परत गेले. त्याने पाते तापवले होते. पेंढ्यासारखा पिवळा रंग चढेपर्यंत तो त्या पात्याकडे बघत बसला, मी चार गोष्टी विचारल्या त्यांचे उत्तर दिले नाही. रंग चढला तसे पाणी दिले, आणि मग म्हणाला, "आता बोल." मी नऊ रुपये मोजून दिले. नीराबाई सगळीकडे म्हणत सुटली, "नऊ रुपयांची इली आन् सा आन्यांचा मासा!" वर्षभर बायका मला बघून हे म्हणत आणि हसत.

कलम ५. ती विळी नऊ रुपयांच्या लायक होती की नाही, हे लोक मला इतकी वर्षे विचारत आले. मी प्रत्येक वेळी भांडले. आज भांडण नाही, जे आहे ते सांगते.

लायक होती. खारवायचा मासा चिरताना पाते बोथट असले की मांस फाटते, फाटलेल्या जागी पाणी धरते आणि मीठ आत जात नाही. पावसाळ्यात असल्या माशाला किडे पडतात. माझा मासा कधी परत आला नाही. नीराबाईने तेवढ्या काळात बाजारच्या किती विळ्या झिजवल्या ते तिलाच विचारावे. खाऱ्या वाऱ्यात लोखंड चार दिवसांत तांबडे होते, पण ही विळी रोज चिंचेने घासून, पुसून, खोबरेल लावून ठेवली की काळीभोर राहते. पाट फणसाचा आहे, हलत नाही. बसले की मासा आपण होऊन पात्यावर चालत येतो असे वाटते.

पण महाग वस्तू घरात आली की माणूस तिचा चाकर होतो. मी झाले. मी ती कोणाला हात लावू देत नव्हते. माझी सून बायजा लग्न होऊन आली तेव्हा कोंडाजीच मला म्हणाला होता, "सुनेसाठी एक करू का? आठ रुपयांत देतो." मी म्हटले, नव्या सुनेला बारा आण्यांची पुरे, तिचा हात तरी कुठे बसलाय. तिला बाजारची आणून दिली. तिचा पाट पहिल्या महिन्यातच डगमगायला लागला. बायजा खाली चिंधी घालून काम करायची. तिने तक्रार केली नाही आणि मी ते बघत असून बघितले नाही.

कलम ६. दसऱ्याचे.

आमच्यात दसऱ्याला हत्यारे पुजतात. कोयता, सुरी, जाळ्याची सुई, विळी, सगळे धुवून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूची फुले घालायची. आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचे नाही. त्यांचाही एक दिवस असतो. हे मला माझ्या आईने शिकवले, तिला तिच्या आईने.

बायजा आली त्यानंतरच्या एका दसऱ्याला मी माझी विळी पुजली. बायजाची पुजली नाही. तिने आणून दिली तर मी म्हटले, बारा आण्यांची कसली पुजायची, ठेव कोपऱ्यात.

दुपारी तुकारामचा मचवा मुशी घेऊन आला, टोपल्याच्या टोपल्या. उन्हात मासळी थांबत नाही. घरात पुजलेली नाही अशी एकच विळी होती. बायजा ती घेऊन बसली. मुशीचे कातडे दगडासारखे खरबरीत असते, बोथट पाते त्यावर नुसते घसरते. दोन मुशा कापल्या आणि ती माझ्याकडे आली. म्हणाली, "आये, तुजी इली दे. या पात्यान मुशी कापत नाय."

मी म्हटले, "आज नाय. ती पुजलेली हाय."

"मंग मुशी उद्यापरत ऱ्हाईल का?"

"हात हायेत ना तुला? जोर लाव."

तिने जोर लावला. पाट हलला, मुशी निसटली, आणि उजव्या हाताचा अंगठा पात्यावर गेला. मी आतून धावत आले ती पूजेच्या वाटीतली हळद मुठीत घेऊनच, आणि तीच दाबली. माझी विळी समोर पाटावर फुले घालून बसली होती, तिच्यावर हळद होती आणि हिच्या हातावरही हळद. जखम माशाच्या घाणीने चिघळली. शेवटी उरणला डॉक्टरने अंगठा पहिल्या पेरापासून काढला.

कलम ७. हे कलम ज्यासाठी मी मास्तरांना बोलावले ते आहे.

मी सगळ्यांना सांगितले की बायजा धांदरट आहे. तिच्या आईला सांगितले, बाजारात सांगितले, धक्क्यावर सांगितले. "नजर कुठे असते कोण जाणे," म्हटले. दसऱ्याला हत्याराचा मान राखला नाही म्हणून देवीने दाखवले, असेसुद्धा म्हटले. तुकारामनेही ते खरे मानले आणि बायकोला दोनदा टोचून बोलला. तेव्हापासून पोरीसोरीसुद्धा तिला धांदरट बायजा म्हणतात. लग्नाच्या घरी तिच्या हातात कोणी विळी देत नाही. ती नऊ बोटांनी माझ्या घरचे काम सोळा आणे करते, आणि मी तिचे ते नाव ऐकून घेत आले, कारण ते खोडले असते तर माझी विळी मध्ये आली असती.

तर लिहून ठेवते की बायजा धांदरट नाही आणि नव्हती. विळी वाईट होती, ती मी आणली होती. चांगली विळी हाताच्या अंतरावर होती, ती मी दिली नाही. जोर लाव म्हणणारी मी. देवीचा यात काही संबंध नाही. माझा तेरावा झाला की हे कलम कोळीवाड्यात देवळासमोर मोठ्याने वाचावे. नीराबाईला पुढे बसवावे, म्हणजे बातमी संध्याकाळपर्यंत कारंज्याला पोचेल.

मला याची लाज वाटते. रोज रात्री विळीला तेल लावताना वाटते, आणि तरी मी रोज लावते. एवढे मास्तरांनी लिहिले का ते मी त्यांच्याकडून वाचवून घेतले आहे.

कलम ८. विळी बायजाला द्यावी.

तिने ती घ्यावी असे मी म्हणू शकत नाही. तिची जखम भरली तेव्हा मी एकदा विळी तिच्यासमोर नेऊन ठेवली होती. तोंडाने काही बोलले नाही, तेच चुकले. तिने विळीकडे बघितले, पाटाला धरून बाजूला सरकवली आणि म्हणाली, "तुजी तुला. मना माजी बरी." त्या दसऱ्यापासून ती आपली बाजारची विळी स्वतः धुवून पाटावर मांडते, माझीच्या शेजारी, आणि पहिले फूल आपल्या विळीला घालते.

तिने घेतली नाही तर विळी तुळशीला देऊ नये, नीराबाईला तर नाहीच. खाडीत टाकावी. तुळशी, तुझ्यावर राग नाही, पण जिने त्या विळीची किंमत दिली तिच्याशिवाय ती कोणाची नाही. मी दिले ते नऊच रुपये.

कलम ९. माझ्या पेटीत जे रोख निघेल त्यातून कोंडाजीचा मुलगा बाबाजी, जो आता भट्टी चालवतो, त्याच्याकडून तशीच आणखी एक विळी करून घ्यावी. तो जे सांगेल ते द्यावे, घासाघीस करू नये. ती बायजाच्या मुलीसाठी, काशीसाठी. ज्या घरात दोघी मासे कापतात तिथे चांगल्या विळ्या दोन असाव्यात, नसतील तर जी जास्त मासे कापते तिच्याकडे एक असावी. सासू कोण आणि सून कोण, हे बघू नये.

कलम १०. दसऱ्याला मासळी आली असेल तर आधी मासळी कापावी, चांगल्या विळीने कापावी, मग विळी धुवून संध्याकाळी पुजावी. देवीला उशीर चालतो. माझ्या आईला हे पटले नसते. तिला मी तिकडे गेल्यावर समजावीन.

येणेप्रमाणे माझी मालमत्ता आणि माझे बोलणे संपले. यापूर्वी मी कोणाला काही कबूल केले असेल तर ते रद्द. हे सारे मास्तरांनी मला दोनदा वाचून दाखवले.

निशाणी अंगठा : आवडाबाई भ्रतार कै. सदा धाया कोळी

साक्षीदार :
१. अंबाजी पोसा नाखवा, राहणार मोरा. सही.
२. काळूराम जाखू कोळी, राहणार मोरा. निशाणी वल्हे.

लेखकाची नोंद : वाचन चालू असताना बायजाबाई दाराशी उभी होती. कलम सातवे ऐकून ती आत आली. तिला मी विचारले की विळी घेणे कबूल आहे काय. ती म्हणाली, "आदी ठसा तर उठू दे." आवडाबाईंचा ठसा दोन वेळा पुसट आला. जिला मिळायचे तिने मध्ये पडू नये असे मी सांगितले, पण बायजाबाईने ते ऐकले नाही. तिने पदराने म्हातारीचा अंगठा पुसला, शाईवर धरला, आणि कागदावर ठेवून वरून आपल्या उजव्या अंगठ्याचे थोटूक दाबले. म्हणाली, "जोर लाव, आये." ठसा स्वच्छ उठला. त्याच्याशेजारी शाईचा दुसरा एक लहान गोल डाग आहे, त्यात रेघा नाहीत. तो बायजाबाईचा आहे. खाडाखोड समजू नये.

दस्तुर बाळाजी रघुनाथ कर्णिक, निवृत्त शाळामास्तर. मुक्काम मोरा, तारीख ७ माहे फेब्रुवारी सन १९३५.