ओरिस्याची शिकवणी

मंगळवार, ३ ऑक्टोबर
आजपासून मी मास्तरीण! कोपऱ्यावर राहायला आलेली युक्रेनची ओरिस्या वृद्धाश्रमातल्या नोकरीसाठी इंग्रजीच्या परीक्षेला बसतेय. म्हटलं, क्लासबिस कशाला पोरी, दर मंगळवारी माझ्याकडे ये. चौदाव्या वर्षी शाळा सोडून मी इथल्याच फ्लीटवूड बंदरावरच्या मासळी-शेडमध्ये कामाला लागले, पण इंग्रजी जन्मापासून बोलतेय. शेजारची मेव्हिस म्हणाली, श्वासही जन्मापासून घेतेस, म्हणून डॉक्टर झालीस का? जळते मेली.

१० ऑक्टोबर
मोजायच्या नि न मोजायच्या वस्तू. स्वयंपाकघरात फिरून शिकवल्या. खुर्च्या मोजायच्या, फर्निचर नाही. पाव नाही, पावाचे काप. साखर तर मुळीच नाही. मग तुम्ही चहात दोन साखरा का म्हणता, तिने विचारलं. म्हटलं, मला गोड लागतं म्हणून. केवढी हसली! माझा नवरा वॉल्टर गेल्यापासून या घरात कुणी हसलं नव्हतं. मला काही वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही. तिच्यासाठी केलेला केक बरा फुगला होता.

२४ ऑक्टोबर
जोडशब्द. टीपॉट, टीस्पून. दोन शब्द नवरा-बायकोसारखे चिकटलेले. बटरफ्लायमध्ये लोणी कुठंय, म्हणाली. त्यावरून वॉल्टरच्या बोटीवरच्या लोण्याची गोष्ट निघाली, ती अंधार पडेपर्यंत. बोटी मोजतातच, म्हणजे अभ्यासच झाला. जाताना "इंटरेस्टिंग" म्हणाली. शिकवणं अंगातच असावं लागतं.

७ नोव्हेंबर
आली नाही. सर्दी म्हणे. मेव्हिसने तिला लायब्ररीतल्या क्लासात पाहिलं आणि मुद्दाम सांगायला आली. म्हटलं, उजळणीला गेली असेल, पाया माझाच. केक मीच संपवला. चव कळली नाही.

बुधवार, २९ नोव्हेंबर
ओरिस्या पास! बसस्टॉपवर भेटली, बॅगा घेऊन. नोकरी प्रेस्टनला, राहायलाही तिकडेच. म्हटलं, मंगळवार मात्र चालू ठेवू हं, अजून बरंच शिकवायचंय. ती गोड हसली. म्हणाली, मिसेस हॉलम, एकदा चहाला यायलाच हवं हं तुम्ही माझ्याकडे! अगदी आम्हा इंग्रजांसारखी बोलली. आमच्यात ज्याला पुन्हा भेटायचं नसतं त्याला असंच म्हणतात, वार न सांगता. पण तिला बिचारीला ते कुठलं ठाऊक? तिने मनापासून बोलावलंय. बस आली, ती चढली, मी हात हलवला.

मंगळवारसाठी कोट ब्रश करून ठेवलाय. तिचा पत्ता तेवढा विचारायचा राहिला.