उपाशीपोटीच्या साखरेचा निकाल

प्रिय बाबा,

आज तातडीने लिहितेय, कारण तुमच्यावरचा मिष्टी दोई चोरल्याचा आरोप मागे घेण्यात आला आहे. तोही खुद्द आईकडून!

आठवतं ना? रक्त तपासायच्या आदल्या दिवशी ती तुम्हाला जेवणाऐवजी नुसतं ताक द्यायची. फ्रिजमधल्या त्या गोड दह्याच्या मडक्याला रबरबँडचा दुहेरी पीळ असायचा. तरी साखर चढलेलीच! मग पुढच्या वेळी घरातून निघतानाच ती तुमची उलटतपासणी घ्यायची. जन्मभर खिदिरपूर बंदरात कस्टम्सची नोकरी केलीत, चोरटा माल पकडलात, आणि घरी मात्र तुम्हीच आरोपी. लालबुंद व्हायचात, पण इतकंच म्हणायचात, "मी काही खाल्लं नाही." एकदा तरी आवाज चढवायचा होतात की हो!

तुमच्या मागे आता आईलाही मधुमेह निघालाय. काल तिची उपाशीपोटीची साखर वाढलेली आली, तर डॉक्टरबाबूंसमोर कळवळून म्हणाली, "मी काही खाल्लं नाही." शब्द तुमचे, सूरही तुमचा. मला हसू आवरेना.

डॉक्टरबाबू आईकडे बघत म्हणाले, काकीमा खरं बोलताहेत. ही साखर तोंडातून नाही, यकृतातून आलीय. पोट रिकामं असलं की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, आणि पहाटे काही संप्रेरकं त्याला आणखी घाई करतात. त्याला आवरतं ते इन्सुलिन. स्वादुपिंडातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं, बंदरातला माल आधी तुमच्याकडे यायचा तसं. म्हणून इन्सुलिनही तिथे पहिल्यांदा पोचतं. पण मधुमेहात ते कमी पडतं, नाहीतर यकृत त्याला जुमानत नाही. त्यात माणूस चिडला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि साखर आणखी सुटते.

परतताना टॅक्सीत आई म्हणाली, "म्हणजे भांडायचे मी, आणि साखर त्यांची चढायची. उगाच चोर ठरवलं गं त्यांना."

तिने डोळे पुसले. मलाही भरून आलं. हे ऐकायला तुम्ही हवे होतात, बाबा.

हावडा ब्रिज दिसेपर्यंत मात्र ती सावरली होती. "पण एकदा तो रबरबँड एकेरी कसा झाला होता?"

काळजी करू नका. तिच्या तपासणीच्या सकाळी घरात भांडण होऊ देणार नाही, असा शब्द देते. आणि मी तुम्हाला फ्रिजपाशी पाहिलं होतं, हेही तिला कधी सांगणार नाही. एकच चमचा होता, आणि एकदाच.

तुमची उशिरा उभी राहिलेली वकील,
मीनू