अकरा पाने अण्णांना वाचून दाखवावीत

मी, सौ. मालन महेश गायधनी, वय ६७, राहणार सावरकरनगर, गंगापूर रोड, नाशिक, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवते. पोटातली गाठ पसरली आहे. डॉक्टर दिवाळीचा विषय टाळतात. डोके मात्र साफ आहे, आणि या कागदाला तेवढेच लागते.

१. राहता फ्लॅट माझ्या नावावर आहे, माझ्या शाळेतल्या पगारातून घेतलेला. तो माझी मुलगी आरोही हिला मिळावा, पण कलम ४ तिने पाळले तरच. न पाळल्यास तो अडतीस वर्षे आमच्याकडे काम करणाऱ्या बायडाबाईंना जावा. माझ्या चार बांगड्या बायडाबाईंना काहीही झाले तरी द्याव्यात.

२. माझे यजमान महेश यांना आंघोळीचा तांब्याचा बंब द्यावा. दुसरे काही नाही.

३. याचे कारण असे. १९८७ साली मी प्रा. निवृत्ती गायधनी यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. तेव्हा ते माझे सासरे नव्हते, सर होते. बीजगणितातले कोटिल्टिंग मॉड्यूल हा त्यांचा विषय. अशा मॉड्यूलच्या आधाराने दुसरे एखादे मॉड्यूल दोनदा उलटवले की, काही अटींवर, मूळ मॉड्यूल जसेच्या तसे परत मिळते. याला द्वैत म्हणतात. सरांचे प्रमेय सांगे की त्यातली एक अट लागतच नाही. मला एक रिंग, म्हणजे बीजगणितातली एक रचना, सापडली जिथे त्या अटीवाचून सगळे कोसळते. मी वही सरांच्या हाती दिली. आठ दिवसांनी ते सिन्नरला माझ्या वडिलांकडे महेशचे स्थळ घेऊन आले. वडील हरखले. मीही हरखले, खोटे कशाला लिहू.

लग्नानंतर सर माझे अण्णा झाले. चार महिन्यांनी त्यांच्या हातून ती वही बंबाच्या जाळात गेली. मी बादली घेऊन उभी होते, महेश दात घासत होते. अण्णा म्हणाले, "घरात एक डॉक्टर पुरे, मालन." महेशनी चूळ भरली आणि ते आत गेले. नंतर एकट्या बायडाबाईंनी विचारले, "वहिनी, तुमचं व्हतं का ते?"

प्रमेयाला पुढे अण्णांचे नाव लागले. त्यांच्या नावाचे पदक दरवर्षी कॉलेजात दिले जाते. अण्णा व्हीलचेअरवर जातात आणि मी त्यांची शाल नीट करते.

४. तो सगळा युक्तिवाद मी आठवून पुन्हा लिहिला आहे. अकरा पाने, कपाटात साड्यांखाली. माझ्या तेराव्याच्या आत आरोहीने ती अण्णांना मोठ्याने वाचून दाखवावीत. सकाळी, चहा झाल्यावर, कानातल्या यंत्रात नवी बॅटरी घालून. तोवर त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या एकही दिवस चुकवू नयेत. तिसऱ्या पानावर ते थांब म्हणतील. थांबू नये. त्यांची बुद्धी अजून शाबूत आहे, त्यांना कळेल.

आरोहीला त्यांनीच पाढ्यांपासून एम.एस्सी.पर्यंत शिकवले, ती आजोबांना जीव लावते. म्हणूनच तिने वाचायचे. परक्याने वाचले तर त्याला मूर्ख ठरवून अण्णा मोकळे होतील. ती रडेल. रडत वाचले तरी चालेल. नंतर एक प्रत पदक देणाऱ्या विभागाला पाठवावी.

५. अण्णांना मी काहीही देत नाही. त्यामुळे त्यांची साक्ष चालते, असे वकिलांनी सांगितले. साक्षीला कोण, असा प्रश्न काल निघाला तेव्हा अण्णाच पुढे झाले. त्यांना आता अक्षर लागत नाही. सही करणारा हात दिसतो, कायद्याला तेवढे पुरते. मजकूर वाचून दाखवू का, असे वकिलांनी दोनदा विचारले. अण्णा म्हणाले, "नको. मालननं आजवर चुकीचं काही लिहिलेलं नाही."

हे सर्व माझ्या हातचे आहे आणि यात मला काही खोडायचे नाही.

(सही) मालन महेश गायधनी

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. (सही) प्रा. डॉ. निवृत्ती झुंबर गायधनी, वय ९१
२. (सही) लहानू देवराम कडाळे, शेजारी

नाशिक, १९ ऑगस्ट २०२५