मंडळाची पुस्तकं गेली

प्रिय अप्पा,

आज तुमच्या गणित मंडळाच्या लोकांनी सगळी पुस्तकं बैलगाडीत घालून मद्रासला नेली. अम्मा म्हणाली, "चला, घर मोकळं झालं."

मी चिटणीस शेषाद्रींना विचारलं, "मामा, मला सभासद होता येईल का?"

ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, "पोरी, विधवेचं नाव यादीत आलं, तर लोक गेलेल्या अप्पांना नावं ठेवतील."

डेप्युटी कलेक्टर म्हणून आडगावी बदल्या होत राहिल्या, गणितावर बोलायला कुणी भेटेना, म्हणून तुम्ही हे मंडळ काढलंत. मी विधवा होऊन परत आले, तेव्हा रोज संध्याकाळी मला शेजारी बसवून भूमिती सोडवलीत.

तुम्ही गेल्यापासून मला गणितावर बोलायला कुणी नाही, अप्पा.

तुमची,
कोमळम