कमानींची कुईकुई

२४ नोव्हेंबर, रविवार. घाटकोपर
या नोंदींतून सिद्ध करावयाचे ते असे : वडिलांनी बासष्ट साली हापूसच्या पेट्या वाहण्यासाठी घेतलेली माझी पिकअप चंदूच्या पिकअपपेक्षा श्रेष्ठ आहे, सबब नात श्रुतिका लग्नाच्या हॉलवर तिच्यातूनच जाईल. मत्सराचा येथे संबंध नाही. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले आहे.

२५ नोव्हेंबर
पार्श्वभूमी. चंदू तळमजल्यावर राहतो. मूळ माहुलचा, मासळीचा धंदा. त्याची पिकअपही तितकीच जुनी. काल त्याने श्रुतिकाला तीतून मुलुंडला तिच्या घरी सोडले. पोहोचल्यावर तिचा फोन : चंदूकाकांची गाडी कसली गुपचूप चालते, आबा! तुमची तर नाक्यावरूनच कळते.
निष्कर्ष उघड आहे.

२७ नोव्हेंबर
केवळ शास्त्रीय कुतूहलापोटी चंदूला कारण विचारले. म्हणाला, अहो सर, माझ्या गाडीच्या कमानींनी जन्मभर बांगडा वाहिलाय, तेलात मुरल्यात त्या. तुम्ही नुसती पुस्तकं वाहिलीत, कुरकुरणारच ना! पार्किंगमधले सगळे हसले.
विनोद हा पुरावा नव्हे.

३० नोव्हेंबर
चाकांवर भार पेलणाऱ्या कमानीचे पोलादी पाटे एकमेकांवर घासतात, मध्ये गंज, म्हणून आवाज. उपाय : चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, जॅकवर उचलावी, भार गेला की पाटे सैलावतात, गंज खरवडून ग्रॅफाइट ग्रीस सरकवावे. एका सकाळचे काम.

१ डिसेंबर
सकाळ अपुरी पडली. पाटे फाकवण्यास पातळ परंतु ताठ असे काही हवे होते. थालीपिठाचे उलथने या व्याख्येत चपखल बसले. सुलक्षणा म्हणाली, अहो, त्यापेक्षा चंदूला सांगितलं असतं तर... पत्नीचे वाक्य पूर्ण होऊ दिले नाही.

४ डिसेंबर
डावी बाजू मूक. उजवी बोलते. चंदू स्वतःची ग्रीस गन घेऊन आला. आभार मानून परत पाठवला. या माणसाला चांगुलपणाची एवढी घाई का?
थालीपीठ तूर्त बंद.

६ डिसेंबर
श्रुतिकाचा फोन. ठरलं हं आबा, मी तुमच्याच गाडीतून जाणार! चंदूकाका रुखवत नेतील. रविवारी तुमची कुईकुई ऐकली की खाली उतरतेच.
म्हणजे टोमणा कायम आहे. उजवी बाजू पुन्हा सोडवली.

७ डिसेंबर
पूर्ण मौन. गतिरोधकावरही. चंदूच्या खिडकीखालून गाडी पुन्हापुन्हा नेली. त्याने पडदासुद्धा हलवला नाही. मत्सर माणसाला किती कोता करतो!

८ डिसेंबर, रविवार, सकाळ. मुलुंड
पुढची गल्ली खोदलेली आहे, म्हणून मागच्या फाटकाशी वेळेआधी उभा. हॉर्न वाजवला नाही. हॉर्न वाजवून शांतता सिद्ध होत नाही. मोबाइलही प्रसंगानुरूप मूक. आबा, कधी आलात, असे ती विचारील. उत्तर तयार आहे.

त्याच दिवशी, दुपार
उतरली नाही. वर गेलो तर दाराला कुलूप. मोबाइलवर तिचेच न घेतलेले कॉल. शेजारच्या अंजनाबाई म्हणाल्या, अहो आजोबा, होतात कुठे? पोरगी खिडकीला कान लावून बसलेली! शाळेत न्यायला यायचात तेव्हापासून तो आवाज कानात बसलाय म्हणे, तो आल्याशिवाय निघायची नाही. मुहूर्त टळायला आला, तेव्हा चंदूने मोठ्या रस्त्यावरच्या रुखवताच्या गाडीत बसवून नेली. डोळे पुसत गेली हो.
हॉलवर सर्वांत शेवटी पोहोचलो. गाडी आल्याचे कोणालाही कळले नाही.

कबुली : आवाज हा दोष आहे, हे गृहीतक मी तपासले नाही. चूक ती एवढीच. उर्वरित युक्तिवाद निर्दोष आहे.

लवू गणपत साटम