बाजाराच्या वाराचं नाव

८ नोव्हेंबर २००५, मंगळवार
ईदचे पाहुणे गेले एकदाचे. तहसीलसमोरचं टायपिंगचं दुकान आठ दिवसांनी उघडलं. पहिलं गिऱ्हाईक आजी आणि नात, मारेगावकडच्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच्या. आजी लच्छमाबाई, नात सुनीता. पोरीला यवतमाळला नर्सिंगला जागा मिळाली आहे, पण डिसेंबरअखेर जातवैधता दिली नाही तर जागा जाणार. वैधतेला पणजोबापर्यंतची वंशावळ पाहिजे आणि त्याचा जुना कागद. सुनीताचा बाप नाही, आजोबा नाही. पणजोबाचं नाव ठाऊक असलेली एकटी ही आजी. तिचा तो सासरा.
"नाव सांगा, आजी."
"सासऱ्याचं? मी कशी घेऊ वं बाई?"
बाहेर चार माणसं उभी. मग दाराकडे बघून म्हणाली, "बाजाराच्या वाराचं नाव हाय त्याचं."
खालच्या गावचा बाजार शुक्रवारी. म्हणजे शुकरू. टाइप केलं. वाचून दाखवायचं राहिलं.

१५ नोव्हेंबर, मंगळवार
जुन्या दप्तरात सापडला! त्याच पोडाचा. शुकरू वल्द भीमा, जात कोलाम. नक्कल मिळाली, फाइल अमरावतीच्या पडताळणी समितीकडे रवाना. मी दुकानात एकटीच हसत बसले.
हे जेवताना म्हणाले, "तुले कायले एवढी घाई? आपल्या खानदानात पणजोबाचं नाव कोनाले ठाऊक हाय?" खरंच नाही ठाऊक. विचारणारं कुणी भेटलं नाही म्हणून बरं.
तरी झोप येत नाही. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पित्त असेल.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार
पित्त नव्हतं.
एका प्रतिज्ञापत्रावर आजीचा अंगठा हवा होता म्हणून पोडावर गेले. जिनिंगपुढे कापसाच्या गाड्यांची रांग थेट चौकापर्यंत, जीप तासभर अडकली. भाव पडलेला, सगळे चिडलेले, मीही. पोहोचले तर आजी वेचणीहून नुकतीच आलेली, लुगड्याला कापसाचे पुंजके चिकटलेले. या वेळी वाचून दाखवलं. "सुनीता, पणजोबा शुकरू वल्द भीमा..."
आजी अशी हसली की शेजारच्या बाया धावत आल्या.
"अवं बाई, शुकरू कोनाचा? थो पाच देव्यांचा, आमी चार देवे, कूळच येगळं. थ्या घरी तं आमी पोरी देतो! सुनीताले मागनं आलतं तिकडून!"
म्हणजे मी पोरीला तिच्या सोयऱ्यांच्या घरात जन्माला घातलं. कपाळ माझं!
"पण बाजार तर शुक्रवारी..."
"आता भरते. खदान आली, पगाराच्या हिशेबानं बाजार हलला. आमच्या वक्ताले दुसऱ्या वारी भरे."
"कोणत्या?"
आजीने मान फिरवली. सुनीता तिच्यापुढे उकिडवी बसली आणि एकेक वार घेत गेली. सोमवार? "सोमवार काय, सोमवारच." बुधवार? आजी पण म्हणाली, बुधवार. गुरुवार, शनिवार, सगळे म्हणाली. मंगळवार म्हटल्यावर तिने पदर तोंडाला लावला आणि चुलीकडे बघत राहिली.
सुनीता मला हळूच म्हणाली, "म्याडम, आजी नेहमी सोमवारच्या उद्याचा दिवस म्हनते. मले वाटे तिची बोलायची ढब हाय."
मंगरू. त्याचं नाव मंगरू.

६ डिसेंबर, मंगळवार
मंगरूचा कागदही निघाला. मंगरू वल्द सोमा, कोलाम. पण फाइल शुकरूच्या नावाने पुढे गेलेली. अमरावतीला फोन. तिथल्या बाबूचा आवाज सभ्य होता, त्यानेच जास्त धडकी भरली. एकदा एक नाव, आता दुसरं, असं झाल्यावर संशय येणारच, म्हणाला. २७ला सुनावणी. वंशावळीतल्या माणसाला ओळखणारं जिवंत माणूस घेऊन या, त्याने स्वतःच्या तोंडाने नाव सांगायचं.
स्वतःच्या तोंडाने.
चूक मी केली आणि निस्तरणार कोण तर ती म्हातारी. स्वतःचाच राग येतो आहे. पोरीची फी भरलेली, होस्टेलात पेटी ठेवलेली. सुनीता परवा म्हणाली, "जागा गेली तं वेचनी हायच." सहज म्हणाली, तेच जास्त लागलं.

१३ डिसेंबर, मंगळवार
पुन्हा पोडावर. समजावलं, गयावया केली, शेवटी चिडलेसुद्धा. "आजी, नुसतं नाव तर आहे!"
"हो का? तुह्या मालकाचं काय नाव हाय, बाई?"
मी म्हणाले, "रुबिनाचे अब्बा."
आजी खुदकन हसली. सुनीताही हसली. मी पण हसले. दहा वर्षं झाली निकाहाला. या वहीतसुद्धा "हे"च लिहिते, आणि ही वही कुणी वाचत नाही.
निघताना म्हणाली, "माय मेलेली पोर होतो मी. सासऱ्यानं खांद्यावर बसवून आनलं मले नदीतून. थ्याचं नाव कसं तोंडात घेऊ?"
येईन की नाही, ते बोलली नाही.

२७ डिसेंबर, मंगळवार
आली. पहाटे फाट्यावर उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून. वार कोणता, हे मी मुद्दाम बोलले नाही. ती पण नाही.
साहेब वाईट नव्हते. पाणी दिलं, बसायला सांगितलं. देव किती, लग्न कसं लागतं, मेल्यावर काय करता, सगळं विचारलं. आजीने धडाधड सांगितलं. मग, "सासऱ्याचं नाव?"
पंखा बंद होता. सुनीता स्वतःच्या बोटांकडे बघत होती. मला वाटलं मीच ओरडून सांगावं.
आजी काहीतरी पुटपुटली.
"मोठ्याने सांगा, आजी. लिहून घ्यायचं आहे."
"मंगरू," आजी म्हणाली. सगळ्या खोलीला ऐकू गेलं.
दोनदा घ्यायला लावलं तिला.
निर्णय पोस्टाने कळवू, म्हणाले. परतीच्या गाडीत नेर येईपर्यंत तिने तोंडावरचा पदर काढला नाही. सुनीताने चहा आणला, तोही घेतला नाही. मला तिच्याशेजारी बसवेना. मागच्या सीटवर जाऊन बसले.
घरी आल्यावर ही वही घेतली. यांचं नाव लिहून बघायचं ठरवलं होतं. पहिलं अक्षर लिहिलं, खोडलं.

६ जानेवारी २००६, शुक्रवार
पोस्टमन येऊन गेला. अमरावतीचं काही नाही. कॉलेजवाले अजून पंधरा दिवस थांबतो म्हणाले, त्यापुढे नाही. सुनीता पेटीजवळ आहे, यवतमाळलाच. मी सकाळपासून तीनदा दारात जाऊन आले.
दुपारी बाजार करून लच्छमाबाई दुकानावर आली. पिशवीत मिरच्या, थोडे वाळके बोंबील. पत्र आलं नाही म्हटल्यावर "येईल" म्हणाली. पाणी प्यायली. थोडी वाळल्यासारखी वाटली मला.
"परत कधी येता, आजी?"
"येतो ना. मंगळवारी येतो."
मी चमकून पाहिलं. ती पिशवीचं तोंड बांधत होती.
"आता का वं," म्हणाली, "आता थो नुसता वार हाय."