इथे उजेड चांगला आहे

मंगळवार, तारीख अकरा, दुपार

माझ्या लाडक्या टाचणीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद.

तू खुशाल असशील असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहायला सांगितलं. तुरुंगात माणूस कितपत खुशाल असतं ते मला ठाऊक नाही. पण तुझं तू काहीतरी शोधत असशील तिथेही. लहानपणी शिवणखोलीत टेबलाखाली रांगत टाचण्या वेचायचीस. एकदा एक तोंडात धरलीस आणि आम्ही सगळ्या ओरडलो तरी थुंकेनास. नाव तेव्हाच चिकटलं. तुझा स्वभावही आम्हाला तेव्हाच कळायला हवा होता.

अक्षर बघून दचकू नकोस. ही खालच्या मजल्यावरची सुईण लिहिते आहे. तुझ्या आईचं मोत्यासारखं अक्षर कुठे आणि हिचं कुठे! जन्मभर पोरं ओढून काढली, अक्षरंही तशीच ओढून काढते. हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, बोलते तसं लिही, नाहीतर दुसरी बघते. तुझ्या आईचा हात जरा दुखतो आहे, एवढंच.

घरी सगळं ठीक. छप्पर गळतं तिथे बादली ठेवली आहे. तुझी मांजर माझ्या अंथरुणात झोपते आणि मलाच बाहेर ढकलते. तुझ्यावर गेली आहे.

हे पत्र तुझ्या आधी जेलरसाहेब वाचतात असं कळलं. साहेब, तुम्हालाही नमस्कार. तुम्ही चौकातल्या कोटांच्या दुकानासमोरून रोज जाता, पण मागच्या बाजूला कधी आला नसाल, तेव्हा बसल्या जागी ऐका. ते दुकान पुढून गोऱ्यांचं, मागून आमचं. पुढे गालिचा, आरसे आणि पाटी, की काळ्यांनी कपडे अंगाला लावून बघू नयेत. मागे शिवणखोली, तिथे आम्ही काळ्या बायका. आता शिवलेला कोट कसा बसतो ते बघायला कुणाच्या तरी अंगावर चढवावा लागतो. गोरी बाई पायाला गोळे येईपर्यंत थोडीच उभी राहणार? म्हणून माझी सून, टाचणीची आई, उभी राहायची. हात अंगापासून जरा दूर, हनुवटी वर, हूं की चूं नाही. दुकानातला प्रत्येक कोट आधी तिच्या अंगाची ऊब घ्यायचा. मग इस्त्री, आणि मग पुढे काचेत. कोरा करकरीत, कुणी न घातलेला!

गंमत पुढेच आहे. सुनेचा डावा खांदा जरा उतरता. तिच्या अंगावर कोटाला सुरकुती पडू नये म्हणून कापड कापताना माझी कात्री डावीकडे थोडी खाली घसरायची. हाताला सवयच लागली. तो कोट गोऱ्या बाईवर सुरकुतायचा, आणि बाई आरशात बघून आपलाच खांदा खाली करायची. मालक म्हणायचा, यंदा असंच चालतं, मॅडम. बघता बघता गावातल्या निम्म्या गोऱ्या बायका माझ्या सुनेचा खांदा घेऊन मिरवायला लागल्या. आम्ही तोंडात कापड कोंबून हसायचो.

तर साहेब, माझी नात त्या दिवशी पुढच्या दारानं आत गेली. करडा कोट उचलून अंगात घातला, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला बसतोय. पैसे घ्या." शिवी दिली नाही, हात उगारला नाही. काढ म्हणाले, तो काढला नाही. तिला धरून तुमच्याकडे आणलं. गुन्हा काय, तर माल बाटवला. आईच्या अंगावर कितीतरी दुपारी वागवलेला कोट, पोरीनं घातल्यावर बाटला.

झालं साहेब, तुमचं. पुढचं तिच्यासाठी आहे. तरी वाचालच.

टाचणे, तुला नेल्यावर तुझ्या आईनं आधी तुलाच शिव्या घातल्या. "कोट हवा होता तर मला सांगायचं, चोरून शिवला असता! तिला म्हणावं, त्या माफीच्या कागदावर सही कर आणि घरी ये." मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मलाही तू घरी हवी होतीस. त्यांचा कागद काय, दोन ओळींचा. 'मी माल बाटवला, माझी चूक झाली.' दोन ओळींसाठी कोण आत बसतं?

मग त्यांनी तो करडा कोट मागच्या अंगणात जाळला. आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून बघायला लावलं. लोकरीचा वास माणसाचे केस जळावेत तसा येतो. दुसऱ्या दिवशी त्याच कापडाचा नवा कोट तयार झाला आणि मालक तुझ्या आईला म्हणाला, "चल, उभी राहा."

"राहते की," ती म्हणाली.

आणि शिवणखोलीतून निघाली ती थेट दुकानातून, गालिच्यावरून, पुढच्या दारानं बाहेर. काचेसमोर फूटपाथवर उभी राहिली. अंगात आपला जुना झगा. हात अंगापासून दूर, हनुवटी वर. आत राहायची तशीच, फक्त बाहेर. मालक धावला. "हे काय चाललंय?"

"उभी राहिले," ती म्हणाली. "इथे उजेड चांगला आहे."

त्यानंतर रोज सकाळी जायची आणि दुकान बंद होईतो उभी राहायची. लोक हसले. एकानं तोंडावर थुंकलं. तिनं पुसलं नाही, कारण पुसायचं तर हात जागचा हलवावा लागतो. गोऱ्या डॉक्टरांची म्हातारी बायको, आपली जुनी गिऱ्हाईक, समोर येऊन थबकली. एकदा तुझ्या आईकडे बघितलं, एकदा काचेत स्वतःकडे. दोन डावे खांदे अगदी सारखे. बाईनं तिथेच बटणं सोडली, कोट काढला, पायरीवर ठेवला आणि त्या गारठ्यात तशीच चालती झाली. घृणेनं की लाजेनं, मला कळलं नाही. तू विचारणार म्हणून आधीच सांगते.

सुईण विचारते, पुढे काय लिहू? मी म्हटलं, मांजरीचं लिही. ती म्हणते, मांजरीचं झालं.

बरं. हात दुखतो म्हणाले ते खोटं.

शिपाई आले. एकानं तिला सांगितलं, हात खाली कर. तिनं केले नाहीत. त्यानं हातावर दंडुका मारला. हात खाली गेला, तिनं परत वर केला. त्यानं परत मारला, तिनं परत वर केला. मी काचेच्या आत होते, हातात तिच्याच मापाचा अर्धवट कोट. धावले, पण आम्ही बाहेर पडू नये म्हणून मालकानं पुढच्या दाराला आतून कुलूप घातलं होतं. मग दंडुका डोक्यात बसला आणि ती फूटपाथच्या काठावर पडली. जवळचं इस्पितळ गोऱ्यांचं, तिथे घेतलं नाही. आपल्या इस्पितळात व्हरांड्यात ठेवली. सकाळी गेली.

टाचणे, तुझी आई गेली गं. गुरुवारी पोचवली.

अजून एक आहे, आणि ते मी कोणावर ढकलू शकत नाही. पोचवायच्या आधी मी तुझ्या तुरुंगाच्या फाटकाशी आले होते. म्हटलं, पोरीला आईचं तोंड बघू द्या. साहेब म्हणाले, "आत जा, तिला सही करायला सांग, आत्ता सोडतो." मी आत आलेच नाही. नाही म्हटलं आणि परत फिरले. तुला विचारलंही नाही. आईला मारलं शिपायानं, पण तुझी आणि तिची शेवटची भेट हुकली ती माझ्यामुळे. रागव माझ्यावर. बोलू नकोस हवं तर.

का केलं, तेही सांगते. सुईणीनं आणि मी तिला आवरायला घेतली, तर हात अंगाला लागेनात. आम्ही दाबून खाली करायचो, ते पुन्हा तसेच, अंगापासून जरा दूर. त्या हातांसमोर तू त्या कागदावर सही करून आली असतीस, तर ते दोघींनाही बघवलं नसतं. मला असं वाटलं. चुकले असेन.

शिवणखोलीत आता कुणी उभं राहत नाही. मालकानं बटणांची काजं करणाऱ्या बाईला उभी राहा म्हटलं, ती खाली बसली. तिच्या शेजारणीला म्हटलं, तीही बसली. सगळ्या बसून शिवतात, मान वर करत नाहीत. निम्म्या जणींना काढलं, मला सगळ्यांत आधी. मालकानं लाकडाचा पुतळा आणला आहे, दोन्ही खांदे सारखे. त्याच्यावरचे कोट गोऱ्या बायकांना बसत नाहीत म्हणे. खांद्याला सवय लागली ना!

तो कागद अजून साहेबांच्या टेबलावर आहे. सही केलीस तर मी घराच्या दारात तुझी वाट बघेन, नाही केलीस तर फाटकाशी. दोन्हीकडे तुझीच आजी. एकदा तुझ्या वतीनं बोलले, आता नाही बोलणार.

उद्या सकाळी काचेसमोर मी उभी राहणार आहे. उंची नाही, पाठीला बाक, माझ्या मापाचा कोट गावात कुणालाच बसायचा नाही. पण हात तसे अंगापासून दूर धरता येतात. आत्ताच सुईणीला धरून दाखवले. ती म्हणते, किती वेळ धरशील? मी म्हटलं, तू लिही.

तर लिहून झालं. आता म्हणते, खाली सही कर. काय बोलावं हिला! खालचा निळा अंगठा माझा आहे.

जन्मात कुठल्याच कागदावर सही न केलेली,

तुझी आजी